वरच्या चौकीचं रॉकेल

तीर्थपुरीच्या बाजारात लोक मला पास्टर म्हणतात. माजी सैनिकांच्या बैठकीत मी अजून हवालदार भालेराव आहे. दोन्ही हाकांना मी वळून बघतो. पण "फौजेतला माणूस पाळक कसा झाला?" असं कोणी विचारलं की मला खुर्चीत बसवत नाही. उठतो, दारापर्यंत जातो, परत येतो. बायको म्हणते, "सांगायचं असंल तर बसून सांगा की." बसून सांगता येत नाही. म्हणून लिहून बघतोय.

तेव्हा आमची पलटण उत्तरेच्या हद्दीवर होती. मी लान्स नायक होतो. आमची चौकी मधली. खाली कंपनीचा तळ, वर डोंगराच्या धारेवर आणखी एक चौकी. हिवाळ्यात हेलिकॉप्टर आलं तर आलं. नाही आलं तर वरच्यांचं सगळं सामान आमच्या पाठीवरून जायचं. पीठ, औषधं, बॅटऱ्या आणि रॉकेल. अशा फेरीला फौजेत लिंक पॅट्रोल, म्हणजे चौक्या जोडणारी गस्त, म्हणतात.

तिथे रॉकेल म्हणजे काय हे इथे सांगून पटत नाही. बर्फ वितळवला तरच पाणी. शेगडी पेटली तरच जेवण. रॉकेल संपलं की माणूस बर्फाच्या डोंगरावर बसून तहानेने मरू शकतो.

रोजचं काम ठरलेलं. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन सज्ज उभं राहायचं. मग रात्रीत पडलेला बर्फ फावड्याने काढायचा. वायरलेस सेटवर खाली-वर रिपोर्ट द्यायचा. शस्त्रं साफ करायची. परत बर्फ काढायचा. चौकीत एका रिकाम्या पेटीवर सगळ्यांचे देव शेजारी शेजारी मांडलेले होते. माझा क्रूसही त्यात होता. आईने पाठवला म्हणून ठेवला होता. माझे आजोबा घनसावंगी तालुक्यात गावोगाव येशूची सुवार्ता सांगत हिंडले. मी मात्र भरती झाल्यापासून देवाशी फारसा बोललो नव्हतो.

नायक गजानन खरात माझ्याच जिल्ह्यातला. राजूरच्या पुढे त्याचं गाव, घरी मेंढरं. हुद्द्याने माझ्याहून वरिष्ठ, पण एका जिल्ह्याचे म्हणून मी त्याला गज्या म्हणायचो आणि तो मला भाल्या. चहा झाला की पहिला मग तो स्वतः घ्यायचा नाही. बाहेर पहाऱ्यावर उभ्या असलेल्या संत्रीला नेऊन द्यायचा. आत येऊन सगळ्यांना वाटायचा, मग स्वतः प्यायचा. तोवर चहाचं सरबत झालेलं असायचं.

एकदा मी त्याला म्हणालो, "गज्या, तुझ्या गावाशेजारी राजूरचा येवढा मोठा गणपती. तू कधी देवापुढं हात जोडलेला बघितला न्हाई."

"कवा जोडू? हात मगाला गुतलेत ना," तो म्हणाला आणि पुढच्याला चहा द्यायला गेला.

त्या आठवड्यात हवामान सलग खराब होतं. एका संध्याकाळी वरच्या चौकीला विचारायला सुभेदार साहेब स्वतः सेटवर बसले. मी शेजारी होतो.

"टायगर वन फॉर टायगर टू. तेल किती? ओव्हर."

"टायगर टू. आज पुरेल. उद्याचं सांगता येत नाही. ओव्हर."

"रॉजर. सकाळी पार्टी निघते. आऊट."

सकाळी आभाळ उघडलं होतं. कमरेला दोर बांधून आम्ही दोन तुकड्यांत निघालो. पहिल्या दोरावर लान्स नायक बसवराज हुक्केरी, शिपाई दिगंबर सुर्वे आणि गजानन. हुक्केरी बेळगावकडचा, सुर्वे चिपळूणकडचा. दुसऱ्या दोरावर सुभेदार साहेब, मी आणि आणखी तिघे. प्रत्येकाच्या पाठीवर जरीकॅन. मधे अंतर ठेवलेलं. वाटेत एक नाळ, म्हणजे दोन कड्यांमधली अरुंद घळ लागायची, तिथे वरून बर्फ सुटायचा. ऊन चढायच्या आत ती पार करायची, हा नियम. आम्ही नियमाने चाललो होतो. कोणाचं काही चुकलं नाही, हे मला इथे नोंदवायचं आहे.

वर कापड टरकावल्यासारखा आवाज झाला. मान वर करेपर्यंत पहिला दोर दिसेनासा झाला होता. मी कमरेपर्यंत गाडला गेलो. कानात एकदम शांतता. मग सुभेदार साहेबांचा आवाज आला.

"नंबर द्या! कोण कोण आहे?"

आम्ही नंबर दिले. मागचे पाचही होतो. पुढून आवाज नाही.

एकमेकांना उकरून काढलं आणि पुढे धावलो. धावलो म्हणजे काय, त्या उंचीवर माणूस धावत नाही. दोराचं एक टोक बर्फावर दिसत होतं. ते धरून सळया खुपसत, फावड्याने खणत गेलो. सुर्वे आणि हुक्केरी सापडले तेव्हा गेलेले होते. गजानन जिवंत होता. बाहेरून रक्त नव्हतं. मार आत होता.

सुभेदार साहेबांनी खाली हेलिकॉप्टर मागितलं. उत्तर आलं, "वेदर क्लोज. वेट. आऊट." आम्ही मान वर करून बघितलं. नाळेच्या तोंडाशी ढग येऊन बसला होता.

मी गजाननचं डोकं मांडीवर घेतलं. त्याच्या भुवयांवरचा, मिशीवरचा बर्फ पुसला. आजोबांनी लहानपणी पाठ करून घेतलेली प्रार्थना तोंडातून आपोआप निघत होती. भरतीनंतर पहिल्यांदा मी मनापासून काही मागत होतो. फार नव्हतं मागत. एक ढग हटव, इतकंच.

गजाननने डोळे उघडले. "भाल्या, तेल पोचलं का?"

"पोचंल. तू बोलू नको."

"पोचंल न्हाई. पोचीव."

दुपारी तो गेला. ढग तसाच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तळावरून आलेली माणसं तिघांना घेऊन खाली निघाली. मी त्यांच्याबरोबर जायला तयार झालो. सुभेदार साहेबांनी अडवलं.

"भालेराव, जरीकॅन जेवढे सापडले तेवढे उचला. वर जायचंय."

"साहेब, खरात—"

"वर माणसं आहेत, भालेराव. चला."

मी चढलो. मनातल्या मनात देवाला शिव्या देत चढलो. आजोबांच्या देवाला आणि पेटीवरच्या सगळ्या देवांना. एका ढगाचं काम होतं, तेवढंही तुमच्याकडून झालं नाही, म्हणालो.

वरच्या चौकीवाल्यांनी सेटवर सगळं ऐकलेलं होतं. एकाने जरीकॅन घेतला, शेगडी पेटवली, भांड्यात बर्फ टाकला. त्यांचे ओठ फुटलेले होते. पहिलं पाणी तापलं तेव्हा त्याने मग भरून माझ्यासमोर धरला.

"तुम्ही प्या आधी," मी म्हणालो.

"घे. तू आणलंयस."

मी प्यालो. त्या क्षणी काही कळलं, समाधान वाटलं, असं काही झालं नाही. मला फक्त तिथून निघायचं होतं.

जिल्हा एक म्हणून गजाननच्या पार्थिवाबरोबर मला पाठवलं. सोबत एक तरुण कॅप्टन साहेब होते. विमानाने संभाजीनगर, तिथून फुलांनी सजवलेला ट्रक. मी सगळा रस्ता शवपेटीवर हात ठेवून उभा होतो. बसा म्हणाले तरी बसलो नाही. गावाच्या अलीकडेच माणसांची गर्दी सुरू झाली. पोरं घोषणा देत मोटरसायकलींवर पुढे चालली होती. ट्रक गावात शिरला तसा आवाज कमी कमी होत गेला.

गजाननचे वडील, लक्ष्मणतात्या, पांढरा फेटा बांधून दाराशी उभे होते. आई, गयाबाई, पुढे आली आणि पेटीवर दोन्ही हात ठेवून म्हणाली, "उघडा."

कॅप्टन साहेबांना हुकूम होता, पेटी उघडायची नाही. तो बहुतेक वेळा घरच्यांच्या भल्यासाठीच असतो. ते हळू आवाजात समजावू लागले. गर्दीतले दोन-चार जाणतेही सांगायला लागले, "मावशी, नको. न्हाई बघवणार तुला."

"माझा हाये का न्हाई, मला बघू द्या," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. हातही काढले नाहीत.

मी कॅप्टन साहेबांजवळ गेलो. "साहेब, चेहरा ठीक आहे. मी स्वतः पुसलाय."

त्यांनी मान डोलावली. तिरंगा काढून, घडी करून माझ्या हातात दिला, आणि झाकण उचललं.

गयाबाई वाकली. त्याच्या गालावरून हात फिरवला.

"दाढी वाढल्ती रं तुझी," म्हणाली.

तिने घरातून खोबरेल मागवलं. तळहातावर घेऊन त्याच्या केसांना लावलं. भांग पाडला. पदराने कपाळ पुसलं आणि स्वतःच कॅप्टन साहेबांना म्हणाली, "झाकून टाका आता. तुमचं खोळंबलं आसंल." तिथे उभा असलेला एकही जवान सरळ समोर बघू शकला नाही.

सलामी झाली. हवेत फैरी झडल्या. अग्नी तात्यांनी दिला. संध्याकाळी कॅप्टन साहेबांनी मला घरी जायची मोकळीक दिली. माझं गाव त्याच जिल्ह्यात, आई वाट बघत होती. तात्या म्हणाले, "आजच्या रोज ऱ्हा." मी राहिलो.

सकाळी उजाडताना अंगणात हालचाल ऐकू आली. तात्या मेंढरं सोडत होते. घरात पाहुणे झोपलेले. मी बाहेर आलो.

"तात्या, आजच्या दिवस दुसऱ्या कोणाला तरी सांगा की."

"त्येंला काय ठावं कोण गेलं ते?" तात्या म्हणाले. "तहानली असतील. कालपसून कोंडून ऱ्हायलीत."

मी त्यांच्या मागून चाललो. कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांमधून पाझर तलावापर्यंत. मेंढरं पाण्याला लागली. तात्या काठीवर हनुवटी टेकवून उभे राहिले. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "खरं सांग. एकटाच होता का त्यो?"

"न्हाई तात्या. माझ्या मांडीवर डोकं होतं."

"काही बोलला?"

मला चांगलं काही सांगता आलं असतं. आईची आठवण काढली, तुमचं नाव घेतलं, असं. सांगवेना. म्हणालो, "वरच्या चौकीला रॉकेल न्यायला निघाल्तो आम्ही. तेल पोचलं का, असं इचारलं त्यानं."

तात्यांनी काठीवरची हनुवटी उचलली. "मंग? पोचलं का?"

"पोचलं."

"कोणी नेलं?"

"आम्हीच. मी होतो."

"बराबर केलं," तात्या म्हणाले. "बिलकुल बराबर केलं." आणि मग ते खाली बसले. काल अग्नी देतानाही कोरडा असलेला तो माणूस मेंढरांकडे तोंड करून रडला. मी शेजारी बसलो. मेंढरं पाणी पीत होती. कितीतरी दिवसांनी मी एका जागी बसलो होतो, हे नंतर माझ्या लक्षात आलं.

त्या तलावाच्या काठावर मला देव दिसला असं मी कधी म्हटलेलं नाही. एवढंच सांगतो की ढगाबद्दल मी देवाला जो प्रश्न विचारत होतो, त्याच्या शेजारी त्या सकाळी दुसरा प्रश्न येऊन उभा राहिला. मुलाला अग्नी देऊन आलेला बाप मेंढरांची तहान लक्षात ठेवतो. मरायला टेकलेला माणूस तेलाची चौकशी करतो. हे त्यांच्यात कुठून येतं? नोकरीची उरलेली सगळी वर्षं मी हे विचारत हिंडलो. निवृत्तीनंतर तेच विचारायला ईश्वरविज्ञानाच्या शाळेत गेलो. तिथेही पुरतं उत्तर मिळालं नाही. पाळक मात्र झालो.

आमची मंडळी, म्हणजे चर्चला येणारी माणसं, थोडी आहे. पत्र्याचं चर्च. शेतमजूर, कापसाच्या जिनिंगवर जाणाऱ्या बाया, दोन-तीन नोकरदार. लोक माझ्याकडे चमत्काराची आशा घेऊन येतात. मी प्रार्थना करतो, मनापासून करतो. ढग हटतोच असं नाही, हे मला माहीत आहे आणि मी ते लपवत नाही. काहींना आवडत नाही. "पास्टर, तुमी विश्वासानं बोलत न्हाई," असं एकाने तोंडावर सांगितलं. आमच्या मंडळीतल्या मेरीबाई रोज नळाला पाणी आलं की पहिली घागर शेजारच्या पांगळ्या म्हातारीकडे ओततात, मग आपली भरतात. उपासना चुकवतात, पण हे चुकवत नाहीत. मी उपदेशात त्यांचं उदाहरण दिलं तर चिडल्या. "त्याच्यात काय सांगण्यासारखं हाये?" म्हणाल्या. पुलपिटावर, उपदेशाच्या चौथऱ्यावर, मी ठाम बोलतो. खाली उतरलो की पाय पुन्हा चालू लागतात.

रविवारच्या प्रार्थनेत मी तीन नावं घेतो. गजानन खरात, दिगंबर सुर्वे, बसवराज हुक्केरी. सुरुवातीला एका वडीलधाऱ्याने विचारलं, "हे आपल्यातले हायेत का?" मी म्हणालो, "माझ्यातले हायेत." पुढे कोणी विचारलं नाही.

मागच्या हिवाळ्यात लक्ष्मणतात्या अचानक आले. कोणाकडून तरी ऐकलं होतं म्हणे, आपल्या पोराचं नाव चर्चमधे घेतात. आता फार थकले आहेत. तरी दोन एसट्या बदलून आले. चपला बाहेर काढून सगळ्यात मागे सतरंजीवर बसले. मी प्रार्थना सुरू केली. सगळ्यांचे डोळे मिटलेले. गजानन खरात, असं म्हटलं आणि मागून आवाज आला.

"असं न्हाई."

सगळ्यांनी डोळे उघडले. तात्या काठीला धरून उभे राहिले होते.

"मधी बापाचं नाव घ्या," म्हणाले. "बेवारशी व्हता का त्यो?"

मेरीबाईंनी हळूच विचारलं, "काय नाव बाबा तुमचं?" त्यांनी सांगितलं. मी नाव पुन्हा घेतलं, पूर्ण. तात्या खाली बसले.

पण उरलेल्या दोघांच्या वडिलांची नावं मला माहीत नव्हती. त्या आठवड्यात मी पलटणीतल्या जुन्या माणसांना फोन लावत राहिलो. एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे. सुर्वेचे वडील आहेत, वाडीत असतात, ऐकू कमी येतं. हुक्केरीचे नाहीत. त्याच्या भावाने नाव सांगितलं आणि मग बराच वेळ फोन ठेवला नाही.

आता दर रविवारी मी ती अशी घेतो, आणि मंडळी माझ्यामागून म्हणते:

गजानन लक्ष्मण खरात.

दिगंबर शांताराम सुर्वे.

बसवराज शिवप्पा हुक्केरी.