घरचं पाणी

आमच्या वाडीतलं माणूस मिशनच्या दवाखान्यात जायचं ते एका हातात आजारी पोर आणि दुसऱ्या हातात पाण्याची कळशी घेऊन. मिशनचं औषध चालायचं, सुई चालायची, पट्टी चालायची. पाणी मात्र घरचं. गोळी तिथल्या ओसरीवर बसून गिळायची, पण वर घोट घ्यायचा तो आपल्या कळशीतला. बाटलीतलं औषध पातळ असतं आणि ते कशात तरी कालवलेलं असतं, हे सगळ्यांना कळत होतं. कुणी बोलायचं नाही. मी जामसंड्याची, वडील शाळामास्तर, त्यामुळे तोंड जरा सुटलेलं. लग्न होऊन शिरोड्याजवळच्या या वाडीत आले आणि पहिल्याच वर्षी ते बोलून बसले. सासूबाई हयात होत्या तोवर मला त्यावरून ऐकून घ्यावं लागलं.

यामागे एक गोष्ट होती आणि ती माझे सासरे निमित्त मिळेल तेव्हा सांगायचे. आमचं मूळ घराणं गोव्यातलं. कैक पिढ्यांमागे पाद्र्यांनी म्हणे गावच्या विहिरीत पाव टाकला. जे नकळत ते पाणी प्याले ते बाटले आणि तिकडेच राहिले. ज्यांच्या घरी त्या सकाळी पाणी भरायचं राहून गेलं होतं, ते नेसत्या वस्त्रांनिशी तेरेखोलची खाडी ओलांडून इकडे आले. म्हणजे आम्ही कोण, तर ते पाणी न प्यालेले. खरंखोटं देव जाणे. पण आमच्या मूळ पुरुषाचा जो भाऊ तिकडे राहिला, त्याच्याबद्दल सासरे असं बोलायचे की तो काल-परवाच दुरावला असावा. गोवा तेव्हा पोर्तुगिजांकडे होता, हद्द बंद होती आणि आमचं कुलदैवत पलीकडे अडकलं होतं. त्यामुळे ती गोष्ट शिळी व्हायला वावच नव्हता.

मिशनची माणसं आली होती समुद्रापलीकडून, त्यांच्या देशातल्या एका चर्चनं पाठवलेली. पोर्तुगिजांशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता, पंथसुद्धा वेगळा. पण हे वाडीला कोण पटवणार? त्यांनी दवाखाना काढला, बायकांना शिवण शिकवलं, कोंबड्या वाटल्या. घरोघरी संडास बांधून दिले आणि आम्ही त्यांत माडाच्या झावळ्यांची सुकी चुडतं रचून ठेवली, कारण पावसाळ्यात सरपणाला तेवढी कोरडी जागा दुसरी नव्हती. डॉक्टरबाई पन्नाशीच्या, मराठी पुण्याकडे शिकून आलेल्या. त्या लहानथोर सगळ्यांना आपण-आपण करायच्या. मासे विकणारीला ‘आपल्याला जुलाब कधीपासून होत आहेत’ असं विचारायच्या, आणि ओसरीवरच्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. दुधाची पावडरही त्या वाटायच्या. पावडर कोरडी, म्हणून ती आमच्याकडे चालायची. माझी मुलगी तिच्यावरच बाळसं धरून होती.

मुलगी सहा वर्षांची होती. नवरा बोटीवर, वर्षातून एकदा यायचा. तो यायचा तेव्हा ती त्याला बिचकायची, आणि तिचं सगळं जग म्हणजे आजोबा. संध्याकाळी सासरे बागेतून आले की पायावर घ्यायला आणि प्यायला पाणी तिनंच द्यायचं. मी दिलं तर घरात रुसवा. ते पाणी पिताना मुद्दाम मोठा आवाज करायचे आणि ती विचारायची, आणि होया? म्हणजे आणखी हवं का? मग पुन्हा तांब्या.

त्या वर्षी वैशाखात पटकी आली. आधी खालच्या वाडीत, मग आमच्या शेजारच्या. घरोघरी माणसं आडवी होऊ लागली. देवळात गाऱ्हाणं घातलं, रोगाला वेशीबाहेर घालवण्याचे उपाय झाले. डॉक्टरबाई आपल्या परीनं वाडीवाडी हिंडून विहिरींत औषध टाकत होत्या. आमच्याकडे त्या भल्या पहाटे पोचल्या. पुढं अजून कितीतरी विहिरी व्हायच्या होत्या, त्यामुळे कुणाला उठवायला, समजावायला त्या थांबल्या नाहीत. पांढऱ्या फडक्यात बांधलेली औषधाची गोल पुरचुंडी त्यांनी दोरीनं विहिरीत सोडली. नेमकी तेव्हा शेजारची वहिनी कळशी घेऊन आली.

‘मडमीन बावीत पाव घातल्यान.’

आमच्याकडे विहिरीला बाव म्हणतात. उन्हं माडांवर येईपर्यंत हे वाक्य प्रत्येक खळ्यात पोचलं होतं. मी सासऱ्यांना सांगितलं, मामानू, ते औषध आहे, वास घेऊन बघा. ते म्हणाले, औषध असतं तर विचारून घातलं असतं. डॉक्टरबाईंचा मला त्या दिवशी जितका राग आला तितका वाडीचाही आला नाही. ज्या लोकांची सगळी ओळखच एका पावावर उभी आहे, त्यांच्या विहिरीत पहाटेच्या अंधुक उजेडात पांढरं काही सोडायचं? दुपारी सासऱ्यांनी चार माणसं घेऊन विहिरीच्या तोंडावर काट्या रचल्या. ते गावचे मानकरी, त्यांच्या शब्दापुढे कुणी गेलं नाही. आणि सगळी वाडी खालच्या व्हाळातल्या, म्हणजे ओढ्यातल्या, डबक्याचं पाणी भरू लागली. वरच्या अंगाला आजाऱ्यांची लुगडी धुतली जात होती. मीही तेच पाणी भरलं. सून होते, दुसरं कुठून आणणार?

मग माझ्या मुलीला लागण झाली.

सकाळी खेळत होती आणि दुपारपर्यंत तिचे डोळे आत गेले. पोटऱ्यांत गोळे येऊन ती कळवळायची, नंतर कळवळण्याइतकाही आवाज राहिला नाही. मी तिला कमरेवर उचललं तेव्हा ती फारच हलकी लागली. मनात एकच होतं, ही जायची नाही. बाकी काहीही जाऊ दे.

मी दवाखान्याकडे निघाले त्याला सासऱ्यांनी हरकत घेतली नाही. उलट ते माझ्या मागे धावत आले, कवाडापर्यंत. त्यांच्या हातात भरलेली कळशी होती. वय झालेलं, धाप लागलेली, पाणी सदऱ्यावर हिंदकळलेलं. ती कळशी त्यांनी माझ्या रिकाम्या हातात दिली आणि नातीच्या कपाळावरून हात फिरवला.

‘ह्या पाणी आमचा. ह्याच पाज तिका. थंयचा पाणी तोंडात गेला तर चेडू आमचा रवाचा नाय.’

तिथलं पाणी तोंडात गेलं तर पोर आपली उरणार नाही, हे सांगताना त्यांचे डोळे भरले होते. धमकी देणाऱ्या माणसाचे डोळे मी पाहिले आहेत, ते असे नसतात.

दवाखान्याची ओसरी माणसांनी भरली होती. खाटा संपल्या होत्या, माणसं चटयांवर होती, आणि प्रत्येक चटईच्या उशाशी एक एक घरची कळशी. परदेशातून आलेल्या सलाइनच्या बाटल्या आदल्याच दिवशी संपल्या होत्या. नव्या बोटीनं यायच्या होत्या. डॉक्टरबाईंचे केस सुटलेले, डोळे लाल. त्यांनी मुलीचं मनगट धरलं, तिची कातडी चिमटीत उचलून सोडली. कातडी तशीच उभी राहिली. मग त्यांनी माझ्या हातातली कळशी घेतली, ओसरीच्या कडेला जाऊन उपडी केली. काही विचारलं नाही. तेव्हाही विचारलं नाही.

मी ओरडले. काय ओरडले आठवत नाही. बाईंनी आत जाऊन मीठ-साखर घातलेलं उकळून निववलेलं पाणी आणलं, एक चमचा माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, माझ्याकडे आता एवढंच आहे, पाजत राहा, ओकली तरी पाजा. मी चमचा धरून बसून राहिले. मुलीचे ओठ फुटले होते, ती जीभ बाहेर काढत होती. मी विचारलं, बाई, हे पाणी कुठलं?

त्या थांबल्या. म्हणाल्या, आमची विहीर आटली. गाडीवान रात्री काट्या सारून पिपं भरून आणतो. आपल्या वाडीच्या विहिरीचं आहे. तिथे हल्ली कोणी भरत नाही, त्यामुळे तिला पाणी भरपूर असतं.

मला हसू आलं की रडू, आता सांगता येणार नाही. माझ्याच विहिरीचं पाणी माझ्या मुलीला मिशनच्या चमच्यानं पाजायचं होतं. मी बाईंना म्हटलं, विहिरीत औषध टाकण्याआधी एकदा तरी विचारायचं होतंत. त्या म्हणाल्या, ‘विचारलं असतं तर आपण होकार दिला असता?’ आणि शेजारच्या चटईवर वळल्या. तिथलं माणूस तोवर गेलं होतं. बाई तिथेच भिंतीला टेकून खाली बसल्या. एवढी मोठी बाई, समुद्र ओलांडून आलेली, तोंडावर हात घेऊन बसली. मी चमचा मुलीच्या ओठांना लावला.

मुलगी जगली. असं एका वाक्यात लिहिता येतं याचं नवल वाटतं. बाहेर पडताना मी मिशनचे पाय धरायला हवे होते, पण माझं सगळं लक्ष घरी काय होणार याकडे होतं.

सासऱ्यांनी मला कवाडातच विचारलं, पाणी खंयचा? मी सांगून टाकलं. खोटं बोलले असते तर कदाचित सगळं सोपं झालं असतं, पण मला वाटलं, आपल्याच विहिरीचं म्हटल्यावर गाठ सुटेल. ती अधिकच घट्ट बसली. विहीर आता आमची नव्हती. मुलीला त्यांनी जवळ घेतलं नाही. तिचं ताट वेगळं झालं, पेला वेगळा, अंथरूण पडवीत. तिला वाटलं आजारपणामुळे. संध्याकाळी ती तांब्या घेऊन उभी राहायची आणि सासरे म्हणायचे, आता नको, तहान नाही. बागेत दिवसभर राबून आलेला माणूस, ओठ सुकलेले. मग मागच्या दारी जाऊन स्वतः ओतून घ्यायचे. मी पाहिलं, ते तिथे पाणी पितापिता रडत होते. मला दया आली आणि त्याच वेळी तो तांब्या त्यांच्या डोक्यात घालावा असंही वाटलं.

मी म्हटलं, देवाला विचारा तिच्यासाठी. कौल लावा. आमच्याकडे कुठलीही अडचण आली की देवाच्या अंगावर फुलं लावायची. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. सासरे म्हणाले, बाप आल्यावर बघू. मला कळत होतं. डावं पडलं तर काय, याची त्यांना भीती होती. विचारलं नाही तर निदान उत्तर येणार नव्हतं.

पुढं व्हाळाचं डबकंही चिखल झालं. तेव्हा वाडीनं विहिरीसाठी मात्र कौल लावला, आणि तो उजवा पडला. विहीर उपसायची, गोमूत्र शिंपडायचं, देवाचं तीर्थ घालायचं, की झाली शुद्ध. सगळे पुरुष दोन दिवस खपले. काट्या उचलल्या. नारळ फुटला, गाऱ्हाणं झालं. पहिली घागर देवाची, दुसरी मानकऱ्याच्या ओंजळीत. सगळी वाडी विहिरीभोवती उभी होती. बायका मागे, आणि मी मुलीचा हात धरून त्यांच्याही मागे. ज्या विहिरीचं पाणी पिऊन माझी पोर परकी झाली, तिचंच पाणी आता सगळे पिणार होते.

माझ्यानं राहवलं नाही. मी पुढं गेले.

‘मामानू, बाव शुद्ध होता, मग माझा चेडू कित्याक नाय?’

गुरव खाली बघू लागला. सासरे माझ्याकडे बघत नव्हते, मुलीकडे बघत होते. मी घागरीतून तांब्या भरला आणि तिच्या हातात दिला. ती खूश झाली. इतक्या दिवसांनी आजोबांना पाणी द्यायला मिळत होतं. ती विहिरीच्या कट्ट्यापर्यंत गेली, दोन्ही हातांनी तांब्या उचलून धरला.

सासऱ्यांनी ओंजळ पुढं केली. खरंच केली, मी डोळ्यांनी पाहिली. वाडी श्वास रोखून बघत होती. तिनं पाणी ओतलं, ओंजळ भरली. ते वाकले, तोंड ओंजळीपर्यंत नेलं, तिथेच थांबले. मग त्यांनी हळूच बोटं सैल केली. पाणी मनगटांवरून, कोपरांवरून कट्ट्यावर गेलं. ओठांना थेंब लागला नव्हता.

मुलीची उंची ती केवढी. खालून तिला फक्त वाकलेलं डोकं दिसलं आणि रिकामी झालेली ओंजळ. तिनं तांब्या पुन्हा वर उचलला.

‘आजोबा, आणि होया?’