कांडी, भट्टी आणि पगारे मॅडम

अंबडच्या आमच्या लॅबमध्ये काम काय, तर भट्टीत धातूची कांडी टांगायची, खाली वजन लावायचं आणि तापल्यावर ती हळूहळू, केसाकेसाने किती लांबते ते बघत बसायचं. दिवसभर बघत बसणाऱ्यांकडे किस्से जमणारच! माझ्याकडचे निम्मे पगारे मॅडमचे. त्या लॅबच्या हेड, मी चौदा वर्षांपासून त्यांचा टेक्निशियन.

*

लॅबला नवे मालक आले. पहिल्याच राउंडला भट्टीसमोर दहा मिनिटं उभे.

"मॅडम, मशीन बंद का?"

"चालू आहे, सर."

"काहीच हलत नाहीये!"

"डोळ्यांना दिसेल इतकं हललं असतं, तर मी तुमच्याआधी पळाले असते!"

*

त्याच मालकांना एका पार्टीची घाई. टेस्ट हजार तासांची.

"दोनशेत उरका. टेम्परेचर वाढवा!"

"वाढवते. रिपोर्टवर वाढवलेलंच लिहीन."

"छे, ते जुनंच लिहा."

मॅडमनी पेन पुढे केलं. "मग सही तुमची!"

टेस्ट हजार तास चालली.

*

दिंडोरीच्या सुमनताई पिशवीत ट्रॅक्टरमागच्या रोटाव्हेटरची झिजलेली पाती घेऊन आल्या.

"एका हंगामात गुळगुळीत झाली. दुकानदार म्हणतो, तुमची जमीनच लय खराब हाय. मॅडम, जमिनीला नाव ठेवतो तो!"

आम्ही पातं तपासलं. पोलाद पुरेसं कडक केलेलंच नव्हतं. मॅडमनी तसं स्पष्ट लिहून दिलं.

पंधरवड्याने ताई द्राक्षं घेऊन हजर.

"रिपोर्टचं काय केलंत?" मी विचारलं.

"फ्रेम करून भिंतीला लावला."

"घरात?"

"नाय, त्याच्या दुकानात!"

*

एक माझाही सांगतो. तुटलेला शाफ्ट घेऊन पुण्याचा एक इंजिनियर आला. म्हणाला, "ओव्हरलोड झाला, एका झटक्यात गेला. तेवढंच लिहा." मी तुटलेल्या जागेवरच्या रेघा दाखवायला लागलो, तर म्हणाला, "तुम्ही आयटीआयवाले ना?"

"हो. म्हणूनच भिंग हातात आहे. ही एकेक रेघ बघा, चीर थोडी थोडी पुढे सरकलीय. कित्येक महिने तुटत होता हा. तुमच्याकडच्या डिग्रीवाल्यांपैकी कुणीच बघितलं नाही?"

मॅडमनी रिपोर्टखाली पहिल्यांदाच माझंही नाव टाकलं.

*

आणि हा हुकचा. एका फाउंड्रीत वितळलेल्या लोखंडाची बादली उचलायचा क्रेनचा हुक. आमच्या टेस्टमध्ये त्या धातूची कांडी भट्टीत नको तेवढी लांबली, आणि वापरातल्या हुकचं तोंडही उघडायला लागलेलं. मॅडमनी फेल केला.

फाउंड्रीचे डायरेक्टर स्वतः आले. हुक उचलून आणायला सोबत बादली ओतणारे रफिकभाई.

"मॅडम, थोडं ॲडजस्ट करा. अजून वर्षभर सहज चालेल."

आमचे मालकही म्हणाले, "जुनी पार्टी आहे. सही करा, नाहीतर उद्यापासून येऊ नका!"

मॅडम माझ्याकडे वळल्या. मला म्हणाल्या, "हुक वर लाव. दोन टनांचं वजन टांग." मी टांगलं. मॅडमनी स्वतः खुर्ची ओढत नेली आणि बरोबर वजनाखाली ठेवली.

"सर, चहा मागवलाय. इथे बसून घ्या. कप रिकामा झाला की सही करते."

डायरेक्टर हसले. मग वर बघितलं. मग हसायचे थांबले. आमचे मालक मोबाइल बघायला लागले.

तोवर मागे उभे असलेले रफिकभाई पुढे झाले. खांद्यावरच्या रुमालाने त्यांनी खुर्ची स्वच्छ पुसली.

"बसा ना साहेब! आम्ही रोज तिथंच उभे असतो."