चौघांत एक साधन

आता तुमच्यापासून काय लपवायचं? आज लोक मला एचआयव्हीचा जाणकार म्हणून व्यासपीठावर बसवतात, शाल पांघरतात आणि मीही निर्लज्जासारखा ती घेतो. पण आखाडा बाळापूरजवळच्या एका गावात मी जी माती खाल्ली ना, ती ऐकली तर अंगावरची शाल ओढून घ्याल!

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी नुकताच डॉक्टर झालेला, विद्वत्ता नुसती उतू चाललेली. घरोघर जाऊन एड्सबद्दल प्रश्न विचारायचे आणि अहवाल द्यायचा. अहवाल पटला तर संशोधनाची जागा पक्की, नाहीतर गाशा गुंडाळा. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी तसं तोंडावरच सांगितलं होतं.

अहवालाचं पहिलं प्रकरण मी गावात पाय ठेवण्याआधीच लिहून टाकलं. मथळा दिला, 'ग्रामीण जनतेचा संकोच'. ही अडाणी माणसं या विषयावर कसली बोलणार, असा माझा तोरा!

पहिलंच घर किसनकाकांचं. काका बाजेवर, शेजारी गयाकाकू तूर निवडत बसलेल्या. फॉर्मवर पहिलाच प्रश्न, 'आपले लैंगिक भागीदार किती?' काकूंनी मान वर केली. आईच्या वयाची बाई हो! मी हळूच पेन काढलं आणि 'लैंगिक' खोडलं. 'एड्स' खोडून 'रोग' केलं. 'निरोध' तर घशातून वरच येईना, तिथं 'साधन' लिहिलं.

"काका, रोगाची पाहणी करायला आलोय."

"बराबर टायमाला आलात साहेब. लई तकलीफ हाय रोगाची औंदा."

"भागीदार किती तुम्हाला?"

"तिघं. दोन गडी अन् एक बाई."

"बाई कोण?"

"आमची चुलतीच की!"

माझं पेन थांबलं. काकू शांतपणे खडे वेचत होत्या.

"रोग पसरू नये म्हणून साधन वापरता का?"

"मंग! साधनाबिगर कसं जमंल? पर चौघांत एकच हाय. पाळीपाळीनं वापरतो."

"एकच?"

"म्हागाचं असतंय, साहेब! झालं की धुऊन खुंटीला टांगतो. गळाया लागलं तर कळमनुरीहून दुरुस्त करून आणतो."

दुरुस्त करून! इथं तरी डोक्यात उजेड पडावा की नाही? नाव नको! पुढच्या घरांतही तेच. सगळे धडाधडा बोलत होते. मग संकोच कुणाला, हाही प्रश्न मला पडला नाही. पहिलं प्रकरण लिहून झालं होतं ना!

गावात मोठा अनर्थ चाललाय असा अहवाल मी धाडला. मॅडम तो वाचून जीप करून थेट गावात. मला वाटलं, जागा पक्की!

"काका, ते साधन दाखवा बरं," मॅडम म्हणाल्या.

काकांनी खुंटीवरून काढून समोर ठेवला तो फवारणीचा पंप! "कापसाला मारतो ह्यानंच. अन् भागीदार म्हणाल तर हिरीत हायेत. हीर चौघांची."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मग फॉर्मकडे पाहिलं. मग माझ्या शाईच्या रेघांकडे. मी पंपाकडे बघत होतो.

"काकू," त्या सरळ म्हणाल्या, "आम्ही एड्सचं विचारायला आलोय. काका कधी बाहेरच्या बाईकडे जातात का?"

अरे देवा! वाटलं, धरणी दुभंगावी. पण काकू तूर बाजूला सारून खळखळून हसल्या.

"ह्यांचं गुडघं मोरीपोतर न्हेत न्हाईत ह्यांना, हे कुठं जातेत!" मग हसू ओसरलं. "माझा भाचा वारंगा फाट्यावरून टरक घेऊन जायचा. त्याला न्हेलं त्याच रोगानं. त्याची बायकू अन् लेकरू आमच्या घरात हायेत. त्यांची तपासणी कुठं करावी, हेच त्या दिशी ह्या साहेबाला इचारणार होते मी. पर हे खाली मान घालून साधन, साधन करून राहिले. मला वाटलं, शेतीचा साहेब हाय. काहून लाजता हो एवढं?"

मॅडमनी त्या दोघांना त्याच जीपमधून तपासणीला नेलं. मला नेलं नाही. मी यष्टीनं परतलो.

दुसऱ्या दिवशी अहवाल परत आला. सगळ्या पानांवर तांबड्या फुल्या. फक्त पहिलं प्रकरण ठेवलं होतं. मथळ्याशेजारी मॅडमच्या अक्षरात दोन ओळी होत्या:

"'ग्रामीण जनतेचा' खोडून तिथं स्वतःचं नाव लिहा. खोडायचा हात तुमचा चांगला बसलाच आहे."