तांबडीचा पान्हा

सुकेशनीताई बसलेल्या दिसल्या की घरच्यांना काळजी वाटते. सव्वीस वर्षं एसटीत उभं राहून तिकिटं फाडलेली ही बाई ताप आल्याशिवाय खुर्चीला टेकत नाही. गेल्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. पंधरा दिवसांत पुंडलिकनगरच्या घराचा माळा आवरून झाला, गच्चीची गळती काढून झाली, सून अपेक्षाचे मसाल्याचे डबे तीनदा लावून झाले. चौथ्यांदा डबे खाली आले तेव्हा मुलगा धम्मपाल हात जोडून म्हणाला, "आई, तू बाहेर कुठंतरी जागा बघ. राहायला नाय, हिंडायला."

जागा होती. बिडकीनच्या अलीकडं पंधरा गुंठे, कधीतरी हौसेनं घेऊन ठेवलेले. ताईंनी तिथं पत्र्याची शेड घातली, कूपनलिकेवर मोटार बसवली. नऊ कोंबड्या आल्या, दोन शेळ्या आल्या, एक टर्की आला. टर्की कशासाठी, हे ताईंनाही सांगता येत नाही. बाजारात एकटाच उभा होता, म्हणून आणला.

रोज पहाटे स्कूटी काढायची आणि शेडवर जायचं. खुराड्याचं दार उघडताना तोंडातून अजूनही निघतं, "चला, पुढं सरका, दारात थांबू नका." मग पाणी. हौद भरता भरता शेळ्यांचा पाला आठवतो, पाला तोडताना अंडी आठवतात, अंडी हातात असतानाच मोटार आठवते. तोवर हौद वाहून कोंबड्यांच्या पायाखाली चिखल झालेला असतो. एक काम संपायच्या आत दुसरं त्यांना हाक मारतं, आणि त्या जातात.

गाय आणली ती बानाबाईंची. बानाबाईंची वस्ती शेडपासून आठ किलोमीटरवर. मेंढरांमागं जन्म काढलेली बाई. मेंढरं आता विकलेली, मुलगा अजिनाथ कंपनीत कामाला. पैठण-पाचोड गाडीतली दोघींची ओळख. बाजारच्या दिवशी बानाबाई पदराखाली कोकरू घेऊन चढायच्या आणि ताई म्हणायच्या, "मावशी, त्याचं तिकीट?"

"ते कुठं शिटावर बसलंय?"

"मग तुम्ही बी उभ्या राहा."

असं वर्षानुवर्षं चाललं. गुडघे गेले तशी बानाबाईंना गाईखाली बसता येईना, म्हणून त्यांनी गाय विकायला काढली. लाल कंधारी जातीची, नाव तांबडी. दिवाळीत तिचं वासरू गेलं होतं. तेव्हापासून ती फक्त बानाबाईंना पान्हा सोडायची.

"दुसऱ्याला दूध चोरती हां," बानाबाईंनी दाव्याला हात लावू देण्याआधीच सांगितलं. "मागनं म्हणू नको."

"चोर लई पाहिलेत मी, मावशी."

पहिल्या दिवशी तांबडीनं लाथ मारली नाही, शिंग उगारलं नाही. ती नुसती उभी राहिली. कास भरलेली, सड ताठ, आणि ताईंच्या हाताला चार चिळकांड्या. ताई उठल्या, टर्कीला हाकलून आल्या, परत बसल्या. दोन चिळकांड्या. उठल्या, मोटार बंद करून आल्या. मग एकही नाही. दुसऱ्या दिवशी पुढ्यात सरकीची ढेप ठेवली, पाठ चोळली, कोमट पाण्यानं कास धुतली. तांबडी ढेप खाऊन फाटकाकडं बघत राहिली.

ताईंनी फोन लावला.

"माझा वास नाय तिला," बानाबाई म्हणाल्या. "अजिनाथजवळ लुगडं धाडते. न धुतलेलं. ते नेसून बस."

"नऊवारी? मला नाय नेसता येत."

"गुंडाळ की मग! गाय काय नेसणं बघणार हाय व्हय?"

ताईंनी ते हिरवं लुगडं पंजाबी ड्रेसवरून गुंडाळलं. त्याला धूर, शेण, तंबाखू, घाम असा सगळा वास होता. तांबडीनं मान वळवून ते हुंगलं, एकदा जोरात श्वास सोडला आणि पान्हा सोडला. बादलीत फेस चढला. त्या दिवशी ताई धार संपेपर्यंत एकदाही उठल्या नाहीत. घरी दूध तापवताना मात्र अपेक्षाला म्हणाल्या, "माझ्या हाताला नाय आलं हे. लुगड्याला आलंय."

दहा दिवस असंच चाललं. शेडमध्ये उंदीर झाले, त्यांनी लुगड्याचा काठ कुरतडायला सुरुवात केली, म्हणून एका शनिवारी ताईंनी ते पिशवीत घालून घरी आणलं. रविवारी सकाळी ते गच्चीवर वाळत होतं.

"केवढं मळलं होतं, आई," अपेक्षा कौतुकानं म्हणाली. "दोनदा मशीन लावलं. आता बघा कसा मोगऱ्याचा वास येतोय."

ताईंनी लुगडं ओढून काढलं आणि चेहऱ्याशी धरलं. मग हसल्या. मग स्कूटीवर बसल्या.

मोगऱ्याच्या वासाला तांबडी पहिल्यांदा बिथरली. बादली उडाली. सोमवारी संध्याकाळपर्यंत उजवीकडचा मागचा सड गरम लागायला लागला. जनावरांचे डॉक्टर आले, कास दाबून बघितली, सुई टोचली. "दगडीची सुरुवात आहे, कास सुजतेय. आज-उद्या कास मोकळी झाली नाही तर हा सड गेला समजा. कायमचा."

त्या रात्री ताई घरात फेऱ्या मारत होत्या. उजाडताच त्यांनी बानाबाईंच्या वस्तीवर जाऊन त्यांना स्कूटीवर मागं बसवलं.

"हळू हाक ग बया! ही काय तुझी लाल गाडी हाय?"

फाटकापाशी बानाबाईंचा आवाज आला तशी तांबडी हंबरली. एवढ्या दिवसांत ताईंनी तिचा आवाज ऐकलाच नव्हता.

बानाबाईंना खाली बसता येईना. त्या गाईच्या डोक्यापाशी उभ्या राहिल्या, गळ्याखालची लोंबती पोळी खाजवत तिला शिव्या देऊ लागल्या. "काय ग भवाने, इथं लोकांच्या घरी रुसून बसतीस व्हय? मेली लाडाची." आणि ताईंना म्हणाल्या, "बस खाली. बघतीस काय?"

ताई बसल्या. दूध आलं. दुखऱ्या सडातून आधी गाठी आल्या, पाणी आलं, मग दूध. कास सैल पडेपर्यंत ताई पिळत राहिल्या. टर्की पाठीमागं ओरडत होता, हौद वाहत होता.

"दुसरं लुगडं द्या, मावशी."

"किती देऊ? मी मेल्यावर कोणाचं नेसशील?"

दुपारी अजिनाथ येऊन आईला घेऊन गेला. संध्याकाळी तांबडीनं पुन्हा दूध चोरलं.

दुसऱ्या दिवशी ताईंनी टेम्पो बोलावला. तांबडी फळीवरून अशी चढली जणू तिनंच तो ठरवला होता. वस्तीवर उतरवताना बानाबाई काठी टेकत पुढं आल्या. "इकलेली गाय मी माघारी घेत नसते हां!"

"माघारी कोण देतंय? गाय माझीच हाय. गोठा तुमचा."

"अन् धार कोण काढणार? माझं गुडघं?"

"मी येते की. तुम्ही नुसत्या तिच्यापुढं बसा अन् शिव्या द्या."

बानाबाईंनी तांबडीचं दावं हातात घेतलं. "शिव्यांचं काय नाय. त्या फुकट हायत."

तेव्हापासून ताईंची पहाट आणखी लवकर सुरू होते. आधी वस्तीवर धार, निम्मं दूध तिथंच ठेवायचं, मग शेडवर कोंबड्या-शेळ्या, आणि संध्याकाळी परत वस्ती. सड वाचला. शेडमध्ये गाईसाठी ठोकलेल्या खुंट्याला एक शेळी बांधलेली असते. "याला काय अर्थ आहे?" धम्मपाल विचारतो. "गाय तिकडं, तू इकडं, दिवसभर रस्त्यावर." ताई हेल्मेट शोधत असतात.

वस्तीवर बानाबाई गोठ्यात खाट टाकून बसतात. तांबडीशी कमी आणि ताईंशीच जास्त बोलतात. कोणती मेंढी कुठल्या घाटात व्याली, पाचोडच्या बाजारात कोणी कोणाला फसवलं, गुडघा कोणत्या कुशीवर दुखतो. सून आणि मुलगा कामावर गेले की दिवसभर या वस्तीवर दुसरं माणूस येत नाही, हे ताईंना आता कळलंय.

परवा धार चालू असताना घरात चहा उतू गेला. बानाबाई काठी घेऊन लगबगीनं आत गेल्या. ताईंचे हात थबकले. तांबडीचा एक कान मागं वळला. ताईंनी श्वास रोखून पुन्हा सड धरला.

धार आली. तशीच, जाड आणि सलग. बानाबाई आत भांडी आपटत होत्या, बाहेर बादली भरत होती. ताई त्या धारेकडं बघत राहिल्या. तांबडीनं रवंथ सुरू केलं. आता उद्या टेम्पो बोलावून तिला शेडवर नेलं तरी चाललं असतं.

"मावशी," ताईंनी दाराकडं तोंड करून हाक मारली, "या लवकर बाहेर. चोरायला लागली बघा."