बाईंची मारुती पावसाळाभर ठेवताना

"एवढं सगळं कशाला, प्रकाशभाऊ? बॅटरीची वायर काढा, वरून कव्हर टाका. झालं," बाईंचा मुलगा संजय म्हणाला.

मी पोर्चमध्ये गाडीच्या मागच्या चाकाजवळ उकिडवा बसलो होतो. जॅक लावायचा होता. बाई वर पायरीवर उभ्या होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, "वायर काढून भागत नाई. भाऊ सांगतील तसंच होऊ दे. मी नवरात्राच्या आत परत येणार आहे. आल्याच्या दुसऱ्या दिवशी गाडी चालू झाली पायजे."

संजयने माझ्याकडे पाहिलं. मी जॅककडे पाहिलं.

माझं गॅरेज वर्ध्यात, आर्वी नाक्याजवळ. ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडची आहे. खिशात मोबाइल नसायचे, निरोप एसटीडीवरून यायचे. बाई म्हणजे मुख्याध्यापिका म्हणून रिटायर झालेल्या कुसुमताई. त्यांच्या गल्लीत, भाजीबाजारात, बँकेत, सगळीकडे लोक त्यांना बाईच म्हणत. यजमान वारल्यावर त्यांनी ड्रायव्हिंग शिकून घेतलं आणि घरची पांढरी मारुती चालवायला लागल्या. दर गुरुवारी सेलूला जायच्या. तिथे त्यांची मोठी बहीण, माई, लकवा मारल्यापासून खाटेवर होती. एसटी होती, पण गुडघ्यांमुळे बाईंना तिची पायरी चढवत नसे. म्हणजे गाडी होती म्हणून बहिणीची भेट होती.

हिवाळ्यात एकदा सेलूहून परत येताना पवनारच्या अलीकडे त्यांची गाडी रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या बैलबंडीला घासली. बैल सोडलेले होते, बंडीवर कोणी नव्हतं, म्हणून निभावलं. फेंडर मीच ठोकून सरळ केला. "दिवेलागणीची वेळ होती. मले ती बंडी दिसलीच नाई," बाई म्हणाल्या. पुढे डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. संजय पुण्याला नोकरीत होता. ऑपरेशनं तिकडेच करायची, उन्हाळा-पावसाळा तिकडेच काढायचा, असं ठरलं आणि मे महिन्यात तो आईला न्यायला आला.

कव्हरचं माप घ्यायला मी गेटपाशी ठेवलेली टेप आणायला गेलो, तर संजय मागून आला. आवाज खाली करून म्हणाला, "तुम्हाला खरं सांगतो. आई परत येईल, पण ती गाडी चालवणार नाही. त्या बंडीच्या जागी माणूस असता तर? मला तिकडे झोप लागत नाही. दोन-तीन महिन्यांत गिऱ्हाईक बघून गाडी काढून टाकणार आहे. तेव्हा तुम्ही फार काही करत बसू नका."

"बाईंना हे सांगितलं काय?"

"ऑपरेशनच्या आधी कशाला सांगायचं?"

त्याचं अगदीच चुकत होतं असं मला वाटलं नाही. तो फेंडर मी हाताने सरळ केला होता. पण पंचाईत अशी की एकाच गाडीसाठी मला दोन कामं सांगितली गेली होती. विकायची गाडी ठेवणं वेगळं आणि परत चालवायची गाडी ठेवणं वेगळं. मी म्हटलं, "संजयभाऊ, काम मले बाईंनी सांगितलं आहे. ते मी करतो. विकायचं ते तुम्ही मायलेक ठरवा."

गाडी नुसती उभी राहिली तर तिला काय होतं, असं लोक विचारतात. होतं बरंच. चालवल्याने गाडी झिजते आणि उभी राहिल्याने सडते. आधी मी इंजिनचं ऑइल बदललं. जुन्या ऑइलमध्ये जळलेली घाण असते, ती महिनोन्महिने आतल्या भागांना लागून राहिली की खात जाते. मग पेट्रोलची टाकी जवळजवळ भरली. टाकी पत्र्याची असते, रिकाम्या जागेत पावसाळ्यात ओल धरते आणि आतून गंज चढतो. अगदी गळ्यापर्यंत मात्र भरली नाही. आपल्याकडच्या मे महिन्यात पेट्रोल फुगतं, त्याला जागा लागते.

त्यानंतर चाकं. गाडी एका जागी उभी राहिली तर टायरचा टेकलेला भाग चपटा होतो आणि पुढे गाडी धडधड करत चालते. म्हणून ॲक्सलखाली बाभळीचे ठोकळे देऊन चारही चाकं बोटभर वर उचलली. हँडब्रेक सोडून ठेवला. ओढून ठेवला तर ब्रेकचे लायनर आतल्या ड्रमला चिकटतात आणि मग चाक फिरतच नाही. बॅटरी काढली, ती मी गॅरेजमध्ये नेणार होतो, अधूनमधून चार्ज करायला. सायलेन्सरच्या तोंडात जाळी बसवली, नाहीतर उंदीर तिथून आत जातात. आतून गाडी झाडताना सीटखाली फुटाणे, शेंगांची टरफलं आणि एक अर्धा बिस्किटचा पुडा निघाला.

"हे काय बाई?"

"माईच्या नातवंडांसाठी नेत असते. काऊन, एवढ्याशानं काय होते?"

"उंदरांना आमंत्रण होते."

त्या हसल्या आणि स्वतः झाडणी घेऊन आत शिरल्या. संजयने बाजारातून प्लास्टिकचं कव्हर आणलं होतं. प्लास्टिकखाली वाफ धरते, रंगाला फोड येतात. मी हिंगणघाटच्या जाड मांजरपाटाचं कव्हर शिवून आणलं. शेजारी किराणा दुकान चालवणारे किसनभाऊ होते, त्यांच्याकडे गेटची किल्ली राहिली. गाडीची चावी बाईंनी माझ्या हातात दिली. संजय पाहत होता.

पावसाळा सुरू झाल्यावर मी जाता-येता चक्कर टाकत होतो. कव्हर उचलायचं, ऊन असेल तर काचा थोड्या खाली करून वारा लागू द्यायचा, परत झाकायचं. किसनभाऊ गेट उघडता उघडता म्हणायचे, "गाडीची एवढी सेवा करून राह्यले तुम्ही, बाई खरंच येतीन ना जी?" मी म्हणायचो, "मले तर येते म्हणून सांगून गेल्या."

पोळा झाला आणि एक दिवस गॅरेजच्या फोनवर संजय आला. "नागपूरचं गिऱ्हाईक मिळालंय. रविवारी माणूस येईल. बॅटरी लावून चावी त्याच्याकडे द्या."

"बाईंचा फोन येऊ द्या. देतो."

"प्रकाशभाऊ, मी त्यांचा मुलगा आहे."

"हो ना जी. पण चावी त्यांनी दिली आहे. त्यांनी नुसतं 'द्या' म्हटलं तरी देतो."

तो चिडला. "उद्या काही झालं तर जबाबदारी तुम्ही घेणार का?" असं म्हणून त्याने फोन ठेवला. हा प्रश्न काही खोटा नव्हता. दिवसभर कामात लक्ष लागलं नाही. एका गिऱ्हाइकाच्या गाडीला जुनाच प्लग परत लावून बसलो. बाई परत आल्या आणि त्यांना अजूनही नीट दिसत नसलं, तर तयार गाडीची चावी मीच त्यांच्या हातात ठेवणार होतो.

दोन दिवसांनी बाईंचा फोन आला. त्यांनी आधी बॅटरीची चौकशी केली. मी सरळ विचारलं, "बाई, गाडी कोणाले द्यायची आहे काय?"

त्या म्हणाल्या, "हं. म्हणून संजय परवापासून गप्प आहे." पुढे म्हणाल्या, "नाई, कोणाले द्यायची नाई. त्याच्याशी मी बोलते. त्याच्यावर रागावू नका, भेतो तो." आणि मग आवाज बदलला. "दोन्ही डोळे झाले बरं का. समोरच्या दुकानांच्या पाट्या वाचत बसते मी. इतकी वर्षं कायकाय दिसत नव्हतं, ते आता कळून राह्यलं."

घटस्थापनेच्या आधी त्या आल्या. स्टेशनवरून ऑटोने घरी, आणि दुसऱ्या सकाळी किसनभाऊ मला बोलवायला. मी बॅटरी घेऊन गेलो. गाडी ठोकळ्यांवरून उतरवली, टायरमध्ये हवा मारली, जाळी काढली, एअर क्लीनर उघडून पाहिला. उंदीर नव्हते. आधी प्लगचा करंट तोडून इंजिन नुसतं फिरवलं, म्हणजे ऑइल सगळीकडे पोचतं. मग करंट जोडून चावी मारली. थोडं खोकलं आणि धरलं. बाईंनी पायरीवरून टाळ्या वाजवल्या.

मी क्लच दाबला, गिअर टाकायला गेलो. जाईना. नुसता करकर आवाज.

क्लच दाबला की इंजिन आणि चाकं यांचा संबंध तुटतो, तेव्हा गिअर पडतो. इथे तो तुटतच नव्हता. पावसाळ्याच्या ओलीने क्लचची प्लेट शेजारच्या लोखंडी चाकाला चिकटून बसली होती. सगळ्याचा विचार केला होता, याचा राहिला होता.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"चिकटली आहे. खोलावं लागलं तर गाडी गॅरेजला न्यावी लागेल."

"आज गुरुवार आहे, भाऊ. माईला निरोप धाडला आहे मी."

खोलायच्या आधी एक उपाय असतो. इंजिन चांगलं गरम होऊ दिलं आणि बंद केलं. गेट उघडलं, किसनभाऊंना गल्लीच्या तोंडाशी उभं करून रस्ता मोकळा ठेवला. दुसरा गिअर टाकला, क्लच पूर्ण दाबून चावी मारली. गाडी गचके देत स्टार्टरवरच बाहेर निघाली आणि इंजिन लागलं. क्लच दाबलेला असूनही गाडी पळत होती. मी मध्येच ॲक्सिलरेटर सोडून ब्रेकला पाय लावला, पुन्हा सोडला, पुन्हा लावला. तिसऱ्या-चौथ्या गचक्याला खालून कट्‌ असा आवाज आला आणि गिअर हलका झाला. त्या वर्षापासून पावसाळाभर ठेवायच्या गाडीचं क्लच-पेडल मी सीटला लाकूड टेकवून दाबून ठेवतो.

आता चावी द्यायची वेळ आली. मी म्हटलं, "बाई, आज मी बाजूले बसतो."

"परीक्षा घेता काय माझी?"

"गाडीची घेतो. क्लच पाहायचा आहे."

त्यांना सगळं समजलं होतं. नवा चष्मा पदराने पुसला आणि त्या स्टिअरिंगवर बसल्या.

सेलूच्या रस्त्याला लागलो, आणि माझ्या बाजूला ब्रेक नसतानाही माझा उजवा पाय तो दाबत राहिला. पवनारच्या पुलावर समोरून सोयाबीनचं कुटार, म्हणजे भुसा, भरलेली बंडी आली. मला वाटलं, आता सांगावं. पण बाईंनी कधीचा ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून घेतला होता. पुढे एक ट्रक ओव्हरटेक करत अंगावर आला, तेव्हा त्यांनी शांतपणे गाडी डावीकडे उतरवली, त्याला जाऊ दिलं आणि परत रस्त्यावर घेतली. "सेलू पाच," त्या म्हणाल्या. तो किलोमीटरचा दगड मला अजून वाचता येत नव्हता.

सेलूला माईंच्या दाराशी गाडी थांबली. आत खाटेवर माई दाराकडे तोंड करून पडल्या होत्या. लकव्याने त्यांचं बोलणं जड झालं होतं. बाई जवळ बसल्या, तसा माईंनी चांगला हात उचलून त्यांचा चष्मा चाचपला. मग हळूहळू म्हणाल्या, "कोणत्या गाडीनं आली?"

"आपल्याच."

"चालवली कोणी?"

"मीच."

माईंच्या अर्ध्या तोंडावर हसू आलं. मी चहा घेऊन बाहेर येऊन बसलो. बहिणींचं बोलणं बराच वेळ चाललं. ऊन कलायला लागलं, माझं घड्याळाकडे लक्ष. कसं सांगावं, याची मनात जुळवाजुळव करत होतो. दिवेलागणीला तुम्ही चालवू नका, हे बाईंना सांगणार कोण?

परतीलाही बाईच स्टिअरिंगवर बसल्या. पवनार आलं नव्हतं, समोरून एका मोटारसायकलचा दिवा चमकला. बाईंनी इंडिकेटर दिला, गाडी कडेला घेतली आणि बंद करून चावी माझ्यासमोर धरली.

"आता तुम्ही चालवा. समोरून दिवा आला की अजून डोळ्यांत पसरते. उजेडापुरतंच चालवायचं, असं मी पुण्यालाच ठरवलं होतं. सकाळी लवकर निघत जाईन."

"मले वाटलं, तुमाले मलेच सांगावं लागते."

"इतकी वर्षं शाळेत दुसऱ्यांना सांगितलं. स्वतःले सांगता येत नसेल काय?"

दिवाळीला संजय आला. आईने त्याला शेजारी बसवून सकाळी सेलूला नेलं. त्या फेरीत मी नव्हतो, काय बोलणं झालं ते ठाऊक नाही. परत जाताना तो गॅरेजवर आला, बाकावर बसला, चहा घेतला. फोनवरच्या बोलण्याचा विषय त्याने काढला नाही, मीही नाही. निघताना म्हणाला, "मे महिन्यात आईला न्यायला येतो. गाडी आधीसारखीच ठेवून द्याल ना?"

"परत कोण चालवणार?"

"आई," तो म्हणाला. "दुसरं कोण?"

आजही कोणी गाडी ठेवायला सांगायला आलं, की मी आधी दोन गोष्टी विचारतो. परत कधी येणार, आणि आल्यावर चालवणार कोण. घरातल्या दोघांची दोन उत्तरं आली, तर त्यांना बाकावर बसवतो, चहा सांगतो आणि त्यांचं बोलणं होईपर्यंत जॅकला हात लावत नाही. कामाला थोडा उशीर होतो, एवढंच.