जळकोटच्या म्हातारीचं ताट

तुम्ही विचारलंत, मी प्रयोगशाळा सोडून शाळेत का शिकवायला लागले. एकदाच, क्रमानं लिहिते.

मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला, त्यानंतरच्या वर्षांतली गोष्ट. जीवरसायनशास्त्र शिकून मी म्हाताऱ्या माणसांच्या आहारावर काम करत होते. प्रश्न एकच होता: उतारवयात शरीर झिजतं ते खाणं कमी पडतं म्हणून, की खाल्लेलं अंगी लागत नाही म्हणून?

जळकोटला एका शेतकरी घरात एक विधवा सासू होती. दर भेटीला ती आणखी वाळलेली दिसे. तिला कसं जगवायचं, ते या उत्तरावर ठरणार होतं. सून ताट वाढायची. मी भाकरी, वरण तोलून वहीत लिहायची.

"बाई, भाकर हाय, सोनं न्हाय," म्हातारी हसायची.

"जेवा आजी, गार होतंय."

"जेवते की. तुमी निघा, यष्टी जाईल. परक्या माणसादेखत घास उतरत न्हाय."

मला ते पटायचं. आमच्या घरीही बायका पाहुण्यांसमोर जेवत नसत. मी उठायची.

वहीत खाणं पुरेसं दिसत होतं, म्हातारी मात्र खंगत होती. शरीरच अन्न नाकारतंय, असा निष्कर्ष मी काढला. सुनेला म्हटलं, "आहे तेवढं पुरे. जास्त वाढून उपयोग नाही."

थंडीत म्हातारी गेली. मी भेटायला गेले, तेव्हा सून म्हणाली, "तुमी गेल्याव त्या भाकर परत दुरडीत ठिवायच्या. पोरांना व्हायची."

"मग मला सांगितलं का नाही?"

"शपथ घातली हुती. म्हनायच्या, बाई लिव्हून नेत्यात, ताट कमी दिसलं तर सून उपाशी ठिवती म्हनून घराचं नाव जायचं. मी आपली चोरून जास्त वाढायची. मग तुमीच म्हनलात, वाढू नका."

ज्या बाकीच्या घरी मी अशीच ताटं तोलत होते, तिथं आता उंबऱ्याशी बसून राहिले, एस.टी. चुकू दिली. बहुतेक म्हाताऱ्यांची भाकरी तशीच दुरडीत परत गेली.

त्या निष्कर्षावर लिहून पाठवलेला निबंध मी मागे घेतला. वरिष्ठ म्हणाले, "एका म्हातारीपायी एवढं?" त्यांनी पुढं काम दिलं नाही, मीही मागितलं नाही; शाळेतली नोकरी धरली.

चूक माझी होती, हे त्या सुनेला तोंडावर सांगायचं राहिलं. दोनदा जळकोटच्या थांब्यावर उतरले आणि तिथूनच परतले. ती अजून स्वतःलाच दोष देत असेल.