चौदा दिवसांच्या बोलीवर

टेंभुर्णीच्या स्टँडवर त्या सकाळी निम्मं गाव मला पोचवायला आलं होतं, आणि उरलेलं निम्मं ही पोरगी विमानात मावणार कशी हे बघायला. माझी उंची पाच फूट अकरा इंच. आईनं शेंगदाण्याच्या चटणीचा डबा पिशवीत तिसऱ्यांदा खाली-वर केला आणि मी शाळेत होते तेव्हापासून जे रोज सांगत आली तेच पुन्हा सांगितलं, "वाकून जा बाई, डोक्याला लागंल." गाडी हलली तेव्हा खिडकीच्या गजावरचा हात अण्णांनी, माझ्या वडिलांनी, काढून घेतला, एवढंच.

मी निघाले होते मालदीवला, बास्केटबॉल खेळायला. तुमच्यापैकी ज्यांनी गाव सोडलं नाही त्यांना ही अजून थापच वाटते, आणि जे दुबई-मस्कतला गेले ते म्हणतात, खेळायला कोण नेतं गं! पण नेतात. तिथल्या महिलांच्या स्पर्धेत प्रत्येक क्लबाला दोन परदेशी खेळाडू घेता येत. मला आठवीत उंची मोजून सरकारी क्रीडा वसतिगृहानं नेलं होतं. बास्केटबॉल म्हणजे काय हे निवड झाल्यावर कळलं. पुढं पुण्यात कॉलेज, मग राज्याचा संघ, आणि एका शिबिरातल्या प्रशिक्षकांनी तिथल्या एका क्लबाला माझं नाव सुचवलं. गावात जिला ताडमाड म्हणत तिला कुणी समुद्रापार बोलावतंय, याचं मलाच हसू येत होतं. तोवर सात स्थळं येऊन गेली होती. सातही मंडळींनी पोहे चवीनं खाल्ले आणि मी उभी राहिले की एकमेकांकडे बघितलं. आठवं स्थळ अण्णांनी येऊच दिलं नाही.

करार फॅक्सनं जालन्याच्या एका झेरॉक्सच्या दुकानात आला. पाच पानं, सगळी इंग्रजी. भोकरदनच्या कॉलेजातले इंग्रजीचे एक सर वाचत गेले आणि आम्हाला मराठीत सांगत गेले. राहायला फ्लॅट, तीन वेळा जेवण, रात्री नऊच्या आत परत, क्लबाच्या परवानगीशिवाय बेट सोडायचं नाही. आणि एक कलम असं, की पहिले चौदा दिवस चाचणीचे. खेळाडू पसंत पडली नाही तर पंधराव्या दिवशी परतीचं तिकीट.

अण्णा ताठ बसले. आमचे अण्णा हेडी, म्हणजे बैलांची खरेदी-विक्री करणारे. "म्हंजी औताला जुंपून बघनार," ते म्हणाले. मला वाटलं, आता करार फाडतात. पण या माणसाला सौदा समोर असला की राग नंतर येतो. त्यांनी सरांना विचारलं, "आन् बघता बघता पाय मोडला तर?" सरांनी पानं उलटसुलट केली. त्याबद्दल कुठंच काही नव्हतं.

"मंग लिव्हा," अण्णा म्हणाले. "आमच्यात बोलीवर, म्हंजी जुंपून बघायला दिलेला बैल लंगडला, तर ज्यानं जुंपला त्याच्या माथी. बरा करून द्यायचा. ह्ये बराबर आसंच लिव्हा."

सरांनी बैल वगळून बाकीचं लिहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढ्या मोठ्या क्लबाला असलं काही कळवायचं! पण चार दिवसांनी करार परत आला तेव्हा शेवटच्या पानावर हातानं लिहिलेली एक ओळ होती आणि खाली मॅनेजरची सही: खेळताना दुखापत झाली तर बरी होईपर्यंत उपचार आणि राहणं क्लबाकडे. एक प्रत मी घेतली. दुसरीवर आईनं हळद-कुंकू वाहिलं आणि अण्णांनी ती पत्र्याच्या पेटीत ठेवली.

राजधानी मालेतला फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर होता. दोन खोल्या, आम्ही चौघी, म्हणजे दोघी परदेशी आणि दोघी तिथल्याच दुसऱ्या बेटांवरच्या, नळाला खारट पाणी. चहूकडे समुद्र असून खिडकीतून फक्त समोरच्या घराची भिंत दिसायची. पलंग सहा फुटांचाही नव्हता, त्यामुळे माझे पाय बाहेर. माझ्या खोलीत कोलंबोहून आलेली दिलानी होती. तिनं आपली सूटकेस पलंगाच्या पायथ्याशी उभी केली, वर उशी टाकली आणि माझ्या पायांची सोय लावली. जेवणाचं कलम क्लबानं अक्षरशः पाळलं. सकाळी मासा, दुपारी मासा, संध्याकाळी मासा. आमच्या घरी मासा कुणाला ठाऊक! शहागडला दिलेल्या मावशीकडे, गोदेच्या काठी गेलो, तर वर्षातून एकदा. पहिला आठवडा मी भात आणि आईची चटणी यांवर काढला. तक्रार करत नाही हं. तिथंही लोक रस्त्यात वळून बघायचे, पण ही क्लबाची खेळाडू म्हणून. तेवढ्यावर मी हरखून गेले होते.

मॅनेजर सिनेमे बघून शिकलेलं हिंदी बोलायचा आणि मला सिस्टर म्हणायचा. पहिल्याच दिवशी त्यानं नोंदणीसाठी पासपोर्ट आणि करार मागितला, आणि मी दोन्ही देऊन टाकले. परत कधी देणार, हेही विचारलं नाही. आपल्याकडे मोठ्या माणसाला दिलेला कागद परत मागणं म्हणजे त्याच्यावर संशय घेणं. तेच वळण बरोबर घेऊन मी परदेशात गेले होते.

अकराव्या दिवशी सरावाच्या सामन्यात उडी मारून खाली येताना माझा पाय दुसऱ्या खेळाडूच्या बुटावर पडला. घोट्यातला आवाज मला स्वतःला ऐकू आला. डॉक्टर म्हणाले, लिगामेंट तुटलंय. ऑपरेशन लगेच झालं तर पुन्हा खेळशील, लांबलं तर नाही.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर फ्लॅटवर आला. "सिस्टर, मजबूरी है," तो म्हणाला. "ट्रायल में पसंद नहीं आया, ऐसा लिख देंगे." म्हणजे पंधराव्या दिवशी तिकीट, आणि पाय जसा आहे तसा. मी त्याला हातानं लिहिलेल्या ओळीची आठवण करून दिली. त्याला अशी ओळ आठवत नव्हती. माझी प्रत दाखवा म्हटलं, तर ती सापडत नव्हती. खरं सांगते, पायापेक्षा तो 'पसंद नहीं' शब्द जास्त लागला. सात वेळा घरी ऐकला होता, आठव्यांदा ऐकायला मी समुद्र ओलांडून आले होते. आणि असाच पाय घेऊन परतले असते तर खेळ तिथंच संपला असता.

दिलानीनं खांद्याचा आधार देऊन मला फोनच्या दुकानापर्यंत नेलं. गावातल्या एसटीडी बूथवाल्यानं अण्णांना बोलावून आणलं. मी रडत रडत सगळं सांगितलं.

"कोन्त्या दिवशी पडलीस?" अण्णांनी विचारलं.

"अकराव्या."

"खेळतानाच ना?"

"हो."

"मंग त्यांच्या माथी हाय. रडून राह्यली कशापायी? कागद हाय माझ्याकडं. उद्या पयल्या गाडीनं जालन्याला जातो."

तेराव्या दिवशी दुपारी मॅनेजरनं मला ऑफिसात बोलावलं. टेबलावर जालन्याहून आलेला फॅक्स होता. शेवटचं पान, हातानं लिहिलेली ओळ, खाली त्याचीच सही, आणि बाजूला रुपयाएवढा काळा डाग. "ये क्या है?" त्यानं डागावर बोट ठेवून विचारलं. ते आईचं कुंकू होतं, मशीनमधून काळं होऊन आलेलं. अर्धा इंच खाली पडलं असतं तर सहीच गेली असती! मला हसू फुटलं आणि काही केल्या आवरेना. मॅनेजरही वाईट माणूस नव्हता. वरचे सांगत होते तसं करत होता, आणि हातात कागद आल्यावर त्यालाही सुटल्यासारखं वाटलं असावं. कारण ड्रॉवर उघडून त्यानं माझा पासपोर्ट आणि न सापडणारा तो करार, दोन्ही माझ्यापुढे ठेवले. ऑपरेशन त्याच आठवड्यात झालं. त्या दुपारी ऑफिसातून फ्लॅटवर परतले तेव्हाच जिवावरचं ओझं असं उतरलं होतं की मी मासा मागून खाल्ला.

पुढं तीन हंगाम खेळले, मग तिथल्याच एका शाळेत खेळाची शिक्षिका झाले. नवरा केरळचा, गणित शिकवतो, माझ्यापेक्षा चार बोटं ठेंगणा. यावेळी पसंती मी केली. सुताराकडून सात फुटांचा पलंग करून घेतला. हल्ली आपल्याकडच्या एक-दोन पोरी मला त्यांचे करार पाठवतात. मी शेवटचं पान आधी वाचते, आणि प्रत घरी ठेवायला बजावते. बोलताना माझ्या तोंडून अण्णाच बोलतात.

घोटा मात्र पुरता बरा झाला नाही. थोडी लंगड राहिली. मैदानावर आणि शाळेत ती कुणाला दिसत नाही, कारण मी दिसू देत नाही. परक्या देशात माणूस वर्षावर्षाच्या कराराचा असतो, कोण केव्हा बघत असेल सांगता येत नाही. पहिल्यांदा सुट्टीवर गावी आले तेव्हा मला सगळ्यात जास्त भीती अण्णांची होती. अख्खी हयात जनावरांची चाल पारखण्यात गेलेली, वीस पावलांत खोड काढणारा माणूस. पाय सरळच टाकायचा, असं ठरवून मी एसटीतून उतरले. अण्णांनी बॅग खांद्यावर घेतली, "लै दमली आसशील, दमानं ये," म्हणाले आणि पुढं चालू लागले. स्टँडपासून घरापर्यंत त्यांनी एकदाही मागं वळून बघितलं नाही. मारुतीच्या पारापाशी माझ्या लक्षात आलं, की मी उघड लंगडत चालले आहे, आणि कितीतरी दिवसांनी पाय मोकळा पडतोय.

तुझं घर कुठलं, असं लोक मला विचारतात. मालेत माझा संसार आहे, काम आहे, मी तिथं सुखात आहे आणि दिवसभर पाय सरळ टाकते. टेंभुर्णीच्या स्टँडवर उतरले की लंगडते.